हॉल्डेन आणि सहलग्नतेचे सूत्र

जे. बी. एस. हॉल्डेन ह्यांचे नाव साहित्याच्या अभ्यासकाला बहुधा तीन वाटांनी भेटते. ‘डीडलस’ ह्या १९२४ मधील छोट्या पुस्तकाचे कर्ते ही त्यांपैकी पहिली; त्या पुस्तकातील, मातेच्या उदराबाहेर वाढविलेल्या मुलांच्या कल्पनेचे पडसाद ऑल्डस हक्सले ह्यांच्या १९३२ च्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ ह्या कादंबरीत उमटले. कादंबरीकार नेओमी मिचिसन ह्यांचे वडील बंधू ही दुसरी. आणि उतारवयात इंग्लंड सोडून भारतात आलेले, भारतीय पेहराव करणारे एक तऱ्हेवाईक साहेब ही तिसरी. तिन्ही ओळखी खऱ्या आहेत. परंतु विद्यार्थिदशेपासून अखेरपर्यंत ज्या एका प्रश्नाने त्यांची पाठ सोडली नाही तो ह्या ओळखींच्या गर्दीत झाकला जातो. त्या प्रश्नाच्या अंगाने त्यांचे चरित्र पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रश्न असा: मातापित्यांकडून अपत्याकडे येणारे गुण एकमेकांपासून स्वतंत्रपणे येतात, की काही गुण जोडीने येतात? वाटाण्यावरील प्रयोगांतून मेंडेल ह्यांनी १८६६ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले त्यांनुसार ते स्वतंत्रपणे येतात. बीचा रंग आणि बीचा आकार ह्यांचा परस्परांशी काही संबंध नसतो. १९०० मध्ये हे विस्मृत संशोधन पुन्हा उजेडात आले आणि पाच-सहा वर्षांतच त्याला अपवाद सापडला. बेटसन, सॉन्डर्स आणि पनेट ह्या इंग्रज संशोधकांनी ‘स्वीट पी’ ह्या फुलवेलीवर प्रयोग केले. जांभळी फुले व लांबट परागकण असलेल्या रोपांचा त्यांनी तांबडी फुले व गोल परागकण असलेल्या रोपांशी संकर केला. दुसऱ्या पिढीच्या ३८१ रोपांत जांभळी-लांबट २८४ आणि तांबडी-गोल ५५ निघाली. मिश्र प्रकारची मात्र प्रत्येकी २१ च. मेंडेल ह्यांच्या हिशेबाने ती प्रत्येकी सुमारे ७१ निघावयास हवी होती. पहिल्या पिढीत जे दोन गुण एकत्र होते ते नातवंडांतही बहुतांशी एकत्रच राहिले. बहुतांशी, सर्वस्वी नव्हे.

पाठचिकित्सेशी परिचित असणाऱ्यांना ह्यामागील तत्त्व परके वाटू नये. पोथीच्या एकाच पानावरील दोन पाठभेद नकलाकाराच्या हातून बहुधा बरोबरच पुढे जातात. दूरदूरच्या अध्यायांतील पाठभेद मात्र, नकलाकाराने मध्येच दुसरी पोथी समोर घेतली, तर एकमेकांपासून सुटतात. गुणसूत्र ही अशी पोथी होय आणि जनुके ही तिच्यातील ठिकठिकाणची पाठ्यस्थाने. बीजपेशी तयार होताना आईकडून व बापाकडून आलेली जोडीची दोन गुणसूत्रे शेजारी येतात आणि आपापसांत तुकड्यांची अदलाबदल करतात. अगदी जवळच्या दोन जनुकांच्या मध्ये नेमका छेद पडण्याचा संभव थोडा, म्हणून ती सोबत राहतात. दूरच्या जनुकांची ताटातूट अधिक वेळा होते. मराठी परिभाषेत ह्या सोबतीला सहलग्नता म्हणतात. हा शब्द जरा अवजड आहे खरा. गुणसूत्र हा शब्द मात्र मुळातील ग्रीक शब्दापेक्षा सरस उतरला आहे, असे मला वाटते. कारण ग्रीक शब्द केवळ रंग धरणाऱ्या एका कायेविषयी बोलतो आणि आपला शब्द ओवलेपणाविषयी.

हॉल्डेन ह्यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्ड येथे झाला. वडील जॉन स्कॉट हॉल्डेन हे श्वसनक्रियेचे विख्यात अभ्यासक. खाणींतील विषारी वायूंचा शोध घेताना ते मुलाला बरोबर नेत आणि आपल्या प्रयोगांत त्याला सहभागी करून घेत. स्वतःचे शरीर हेच प्रयोगाचे पहिले साधन मानण्याची सवय मुलाला तेथूनच लागली. १९०१ मध्ये ते आठ वर्षांच्या ह्या मुलाला ऑक्सफर्डमधील एका व्याख्यानाला घेऊन गेले. व्याख्याते होते ए. डी. डार्बिशर आणि विषय होता नुकताच पुन्हा सापडलेला मेंडेल. बी येथे पडले. पुढे १९०८ च्या सुमारास धाकट्या बहिणीने, नेओमीने, घरी गिनीपिग पाळले व त्यांची संख्या वाढत वाढत शेकड्यांवर गेली, तेव्हा भावाबहिणींना आनुवंशिकतेचे नियम पडताळण्यासाठी घरातच प्रयोगशाळा मिळाली.

औपचारिक शिक्षण मात्र अगदी निराळ्या दिशेने चालले होते. ईटननंतर ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजात त्यांनी प्रथम गणित घेतले आणि मग ग्रीक-लॅटिन वाङ्मय, तत्त्वज्ञान व प्राचीन इतिहास ह्यांचा अभ्यासक्रम पुरा करून १९१४ मध्ये प्रथम वर्ग मिळविला. विसाव्या शतकातील ह्या अग्रगण्य जीवशास्त्रज्ञाजवळ विज्ञानाची पदवी नव्हती, ही गोष्ट वाङ्मयाच्या प्राध्यापकांनी मधूनमधून आठवण्यास हरकत नाही. ग्रंथ बारकाईने वाचण्याची अभिजात शिस्त त्यांना विज्ञानातही उपयोगी पडली. कारण त्यांचा पहिला शोध प्रयोगातून नव्हे, वाचनातून निघाला. डार्बिशर ह्यांनी उंदरांच्या संकराचे जे आकडे पूर्वीच छापले होते, त्यांत दोन गुण जोडीने जात असल्याचे खुद्द डार्बिशर ह्यांच्या लक्षात आले नव्हते. ते ह्या विद्यार्थ्याच्या लक्षात आले.

परंतु दुसऱ्याच्या आकड्यांवर शोध उभा राहत नाही. तेव्हा बहीण आणि स्प्रंट नावाचा मित्र ह्यांना घेऊन त्यांनी स्वतः उंदरांची पैदास सुरू केली. काम किचकट होते. एक जनुक गुलाबी डोळे व फिकट लोकर देणारे, दुसरे संपूर्ण वर्णहीनता आणणारे. अडचण अशी की वर्णहीन उंदराचेही डोळे गुलाबीच दिसतात. त्याच्या ठायी पहिले जनुक आहे की नाही हे नुसते पाहून कळत नाही. त्याचा पुन्हा संकर करून संततीवरून ते ताडावे लागते. अशा कामाला पिढ्या लागतात, आणि १९१४ च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध सुरू झाले. हॉल्डेन ‘ब्लॅक वॉच’ ह्या स्कॉटिश पलटणीत अधिकारी झाले. स्प्रंटही युद्धावर गेले आणि १९१५ च्या आरंभीच मारले गेले. त्याच वर्षी ‘जर्नल ऑफ जेनेटिक्स’ ह्या नियतकालिकात तिघांच्या नावे छोटा निबंध प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांपैकी एक हयात नव्हता, एक सैन्यात होता आणि तिसरी, सतरा-अठरा वर्षांची नेओमी, घरी होती. सस्तन प्राण्यांतील सहलग्नतेच्या अगदी पहिल्या पुराव्यांत ह्या निबंधाची गणना होते. अमेरिकेत कॅसल व राइट ह्यांनी त्याच वर्षी मोठ्या जातीच्या उंदरांत तसाच पुरावा दिला. ऑक्सफर्डच्या उंदरांतील ती दोन्ही जनुके त्यांच्या सातव्या गुणसूत्रावर आहेत, हे आज ठाऊक आहे. ‘द कॉर्न किंग अँड द स्प्रिंग क्वीन’ ह्या १९३१ च्या कादंबरीच्या लेखिकेचे नाव विज्ञानाच्या इतिहासातही असे सोळा वर्षे आधीच नोंदले गेले होते.

ह्या निबंधाच्या शीर्षकात सहलग्नता हा शब्द नाही. तेथे बेटसन ह्यांचा शब्द आहे, ज्याचा अर्थ पुनर्गुणन असा करता येईल. बेटसन ह्यांना जनुके गुणसूत्रावर असतात हे मान्य नव्हते. काही विशिष्ट पेशी इतरांपेक्षा अधिक वेळा विभागतात, म्हणून काही जोड्या अधिक दिसतात, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. ते चुकीचे ठरले. न्यू यॉर्क येथे टी. एच. मॉर्गन आणि त्यांचे शिष्य फळमाशीवर काम करीत होते. त्यांनी १९११ पासून हे दाखवून दिले की, सोबत जाणारी जनुके एकाच गुणसूत्रावर ओळीने बसलेली असतात. मॉर्गन ह्यांचा पदवीपूर्व वर्गातील विद्यार्थी स्टर्टेव्हंट ह्याला अशी कल्पना सुचली की, ताटातुटीचे प्रमाण हे अंतराचे माप समजावे. आणि त्याने सहा जनुकांचा पहिला नकाशा १९१३ मध्ये प्रसिद्ध केला.

नकाशात एक दोष होता आणि तो दूर करण्याचे श्रेय हॉल्डेन ह्यांचे. समजा, क आणि ख ह्या जनुकांची ताटातूट शेकडा १० वेळा होते, ख आणि ग ह्यांचीही शेकडा १०. मग क आणि ग ह्यांची शेकडा २० वेळा व्हावी. परंतु दोन्ही ठिकाणी एकाच वेळी छेद पडला तर क आणि ग पुन्हा एकत्रच येतात, आणि पाहणाऱ्याला काहीच घडले नाही असे वाटते. दोन्ही छेद परस्परांपासून स्वतंत्र मानले, तर दिसणारी ताटातूट १८ च भरते. अंतर जितके मोठे तितकी ही तूट मोठी. आणि अंतर कितीही वाढले तरी ताटातूट शेकडा ५० च्या वर जात नाही. दिसणाऱ्या प्रमाणावरून खरे अंतर काढण्याचे गणिती सूत्र हॉल्डेन ह्यांनी १९१९ मध्ये दिले, आणि अंतराच्या एककाला मॉर्गन ह्यांचे नाव दिले. त्याचा शंभरावा भाग तो सेंटिमॉर्गन. आजही जगभरच्या प्रयोगशाळांत तेच माप चालते. पहिल्या निबंधात ज्यांनी बेटसन ह्यांचा शब्द वापरला, त्यांनी चार वर्षांत प्रतिपक्षाच्या आचार्याचे नाव मापाला दिले. पुढील इतिहास पाहता हे नामकरण ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

मधल्या वर्षांचा वृत्तान्त थोडक्यात उरकतो, कारण तो अनेक चरित्रग्रंथांत सविस्तर आला आहे. १९२३ मध्ये ते केंब्रिजला जीवरसायनशास्त्राचे प्रपाठक झाले. एका विवाहित पत्रकार स्त्रीच्या घटस्फोटात सहप्रतिवादी ठरल्यामुळे विद्यापीठाने त्यांना काढून टाकले. त्यांनी दाद मागितली आणि १९२६ मध्ये ते पुन्हा कामावर रुजू झाले. फिशर आणि राइट ह्यांच्याबरोबर त्यांनी डार्विन व मेंडेल ह्यांच्या विचारांचा गणिताच्या आधारे मेळ घातला. १९२२ चे त्यांचे एक निरीक्षण मात्र आपल्या विषयाचे आहे. ज्या जातींत गुणसूत्रांची अदलाबदल एकाच लिंगात होत नाही, तेथे ते लिंग असमान लिंगगुणसूत्रांचे असते: फळमाशीत नर, रेशमाच्या किड्यात मादी.

१९३३ मध्ये ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आले आणि उंदरांचा प्रश्न त्यांनी माणसाला लावला. माणसांचे संकर घडवून आणता येत नाहीत. घराण्यांच्या वंशावळी गोळा करून वाचाव्या लागतात. ह्या कामात त्यांना ज्युलिया बेल ह्यांची साथ मिळाली. गणितात शिकलेल्या ह्या विदुषीला केंब्रिजने, केवळ स्त्री म्हणून, पदवी दिली नव्हती. ती त्यांना डब्लिनहून घ्यावी लागली. पुढे वैद्यकाची पदवी घेऊन त्यांनी आनुवंशिक रोगांच्या वंशावळी वर्षानुवर्षे जमविल्या होत्या. हॉल्डेन ह्यांच्या कीर्तीच्या प्रकाशात ज्युलिया बेल ह्यांचे नाव मागे पडले, हा अन्यायच म्हटला पाहिजे. तो निबंध ज्या सामग्रीवर उभा आहे ती मुख्यतः त्यांची होती.

रंगांधत्व आणि हीमोफिलिया, म्हणजे रक्त न गोठण्याचा रोग, ह्या दोहोंची जनुके एक्स गुणसूत्रावर असतात. स्त्रीजवळ अशी दोन गुणसूत्रे, पुरुषाजवळ एकच. म्हणून एकाच गुणसूत्रावर ही दोन्ही सदोष जनुके वाहणाऱ्या स्त्रीचे मुलगे हा तिच्या बीजपेशींचा उघडा लेखाच असतो: काही मुलांत दोन्ही दोष, काहींत एकही नाही, आणि क्वचित एखाद्यात दोहोंपैकी एकच. ह्या क्वचित मुलांची गणना म्हणजे अंतराची मोजणी. १९३७ मध्ये बेल आणि हॉल्डेन ह्यांनी ताटातुटीचे प्रमाण शेकडा ५ च्या आसपास असल्याचे दाखविले. मानवी गुणसूत्रावरील दोन जनुकांमधील अंतर प्रथमच असे मोजले गेले. हीमोफिलियाच्या जनुकावर हॉल्डेन ह्यांचे आधीपासून लक्ष होते. हा रोग असलेली मुले बहुधा संतती होण्यापूर्वीच मरत. तरी रोग पिढ्यान् पिढ्या टिकून होता. म्हणजे जनुकात नव्याने बिघाड होत असला पाहिजे. तो सुमारे ५०,००० जनुकांमागे एकात होतो, असा अंदाज त्यांनी १९३५ मध्ये केला होता.

एक गुंता त्या काळी कोणालाच दिसणे शक्य नव्हते. हीमोफिलिया हा एक रोग नसून दोन आहेत, हे १९५२ मध्ये उघड झाले. त्यांपैकी एकाचे जनुक रंगदृष्टीच्या जनुकांच्या निकट आहे, दुसऱ्याचे बरेच दूर. जुन्या वंशावळींत दोन्ही मिसळलेले होते. राणी व्हिक्टोरियाच्या वंशजांत पसरलेला रोग हा दूरच्या जनुकाचा होता, हे तर २००९ मध्ये झारच्या कुटुंबाच्या अवशेषांवरून सिद्ध झाले.

ह्या निबंधाच्या अखेरीस एक सूचना आहे, आणि माझ्या मते हॉल्डेन ह्यांच्या दूरदृष्टीचे ‘डीडलस’हूनही मोठे उदाहरण ते हेच. हंटिंग्टन ह्या मेंदूच्या असाध्य रोगाची लक्षणे बहुधा प्रौढ वयात दिसू लागतात. तोवर रोग्याला मुलेबाळे झालेली असतात. रक्तगटासारखा सहज तपासता येणारा एखादा गुण ह्या रोगाच्या जनुकाशी सहलग्न आढळला, तर कोणत्या मुलाला रोग होणार हे लक्षणांआधीच सांगता येईल, असे त्यांनी सुचविले. सहलग्नता येथे शेजाऱ्यावरून घर ओळखण्याचे साधन बनते: जनुक दिसत नसले तरी चालेल, त्याचा सोबती दिसला म्हणजे पुरे.

आता त्या प्रकरणाकडे वळले पाहिजे, जे हॉल्डेन ह्यांचे चाहते घाईने ओलांडतात. १९२८ मध्ये वाव्हिलॉव्ह ह्या थोर रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या निमंत्रणावरून ते सोव्हिएट संघात जाऊन आले. पुढील दशकात ते मार्क्सवादी झाले आणि १९४० च्या दशकात ब्रिटिश कम्युनिस्ट पक्षाचे सभासद. ‘डेली वर्कर’ ह्या पक्षाच्या पत्रात सामान्य कामगारासाठी त्यांनी लिहिलेले शेकडो लेख हे विज्ञानलेखनाचे उत्तम नमुने आहेत. परंतु त्याच काळात सोव्हिएट संघात लिसेंको ह्यांचे प्रस्थ वाढत होते. लिसेंको ह्यांना जनुकच मान्य नव्हते. १९४० मध्ये वाव्हिलॉव्ह ह्यांना अटक झाली आणि जानेवारी १९४३ मध्ये ते तुरुंगात मरण पावले. १९४८ च्या ऑगस्टमध्ये लिसेंको ह्यांचे मत अधिकृत ठरले आणि मॉर्गनवादी ही शिवी झाली. ती लागलेल्या माणसांच्या नोकऱ्या गेल्या, प्रयोगशाळा बंद पडल्या.

मॉर्गन ह्यांचे नाव मापाला देणाऱ्या माणसाने ह्यावर काय केले? जाहीर चर्चेत त्यांनी लिसेंको ह्यांच्या काही दाव्यांत तथ्य असू शकेल, अशी सावध बाजू घेतली. वाव्हिलॉव्ह ह्यांच्या अंताबद्दल जे बोलावयास हवे होते, ते स्पष्टपणे बोलले नाहीत. त्यांच्या स्वतःच्या संशोधनात मात्र लिसेंकोवादाचा मागमूस नाही. १९४७ मध्येच त्यांनी सेड्रिक स्मिथ ह्यांच्यासह हीमोफिलियाच्या सहलग्नतेचा नवा, अधिक काटेकोर अंदाज प्रसिद्ध केला होता आणि पुढील काळातील संभाव्यतेच्या पद्धतींची वाट मोकळी केली होती. म्हणजे प्रयोगशाळेत ते जे जाणत होते, ते व्यासपीठावर पूर्णपणे सांगत नव्हते. पक्षनिष्ठेने त्यांचे अज्ञान वाढविले, असे म्हणून त्यांना सोडविता येत नाही, अज्ञान नव्हतेच. १९५० च्या सुमारास ते पक्षापासून दूर झाले, तेही गाजावाजा न करता. वाव्हिलॉव्ह ह्यांच्यासंबंधीचे मौन हा त्यांच्या चरित्रातील डाग आहे, आणि त्यांच्या शौर्याच्या कथांनी तो पुसला जात नाही.

भारताशी त्यांचा संबंध पहिल्या महायुद्धातला. मेसोपोटेमियात जखमी झाल्यावर त्यांना काही काळ हिंदुस्थानात ठेवण्यात आले होते. येथील माणसांशी बरोबरीच्या नात्याने वागता येईल तेव्हाच पुन्हा यावयाचे, असे त्यांनी तेव्हा ठरविले. १९५७ मध्ये, पत्नी हेलन स्पर्वे ह्यांच्यासह, ते प्रशांतचंद्र महालनोबिस ह्यांच्या निमंत्रणावरून कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले. सुएझवरील आक्रमणाचा निषेध हे कारण त्यांनी जाहीर केले. ते खरेच होते, पण त्याहूनही मोठे कारण, मला वाटते, येथील सजीव सृष्टी आणि येथील घराणी हे होते. पुढे त्यांनी भारतीय नागरिकत्व घेतले.

सामानाबरोबर त्यांनी एक मासिकही आणले. बेटसन व पनेट ह्यांनी १९१० मध्ये काढलेले ‘जर्नल ऑफ जेनेटिक्स’, ज्यात तिघांचा तो उंदरांवरील निबंध आला होता, १९४६ पासून त्यांच्या संपादनाखाली होते. आता ते भारतातून निघू लागले. महागड्या यंत्रांवाचून, डोळ्यांनी आणि गणनेने करता येईल असे काम त्यांनी तरुण सहकाऱ्यांना दिले. एस. के. रॉय ह्यांनी पारिजातकाच्या फुलांच्या पाकळ्या मोजल्या. टी. ए. डेव्हिस ह्यांनी नारळाच्या झाडांची पाने डावीकडे वळतात की उजवीकडे हे तपासले आणि ते वळण वंशपरंपरेने येत नाही असे दाखविले. सुरेश जयकर गणिताकडून जीवशास्त्राकडे वळले. कृष्ण द्रोणमराजू ह्यांनी आंध्रातील कुटुंबांत कानांवर केस उगवण्याच्या लक्षणाचा माग घेतला. ते बापाकडून मुलाकडेच जाते, म्हणजे वाय गुणसूत्रावर आहे, असे त्यांचे अनुमान होते. पुढील संशोधनाने ते निर्विवाद राहू दिले नाही. दक्षिणेतील मामा-भाचीच्या आणि आते-मामे भावंडांच्या विवाहांचाही अभ्यास ह्याच गटाने आरंभिला. असे विवाह मराठी मुलखालाही अपरिचित नाहीत.

संस्थांशी मात्र त्यांचे जमले नाही. १९६१ मध्ये त्यांनी सांख्यिकी संस्था सोडली. १९६२ मध्ये ओरिसा सरकारच्या आश्रयाने त्यांनी भुवनेश्वर येथे आनुवंशिकी व जीवसांख्यिकीची प्रयोगशाळा उभारली. कर्करोगाचे निदान झाल्यावर त्यांनी त्यावर विनोदी कविता लिहिली व ती १९६४ च्या फेब्रुवारीत ‘न्यू स्टेट्समन’मध्ये छापली. वेळीच डॉक्टरकडे जा, हा तिचा रोकडा उपदेश आहे. स्वतःचा मृत्युलेखही त्यांनी बी. बी. सी. साठी ध्वनिमुद्रित करून ठेवला होता. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले. इच्छेनुसार त्यांचा देह काकीनाडा येथील रंगराय वैद्यकीय महाविद्यालयाला देण्यात आला.

मासिक काही वर्षे हेलन स्पर्वे ह्यांनी चालविले, मग ते बंद पडले. १९८५ पासून बंगलोरच्या भारतीय विज्ञान अकादमीने ते पुन्हा सुरू केले. त्याच्या दोन वर्षे आधी, १९८३ मध्ये, गसेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हंटिंग्टन रोगाचा सहलग्न सोबती शोधून काढला. तो रक्तगट नव्हता, चौथ्या गुणसूत्रावरील डी. एन. ए. चा एक तुकडा होता, आणि त्याचा माग व्हेनेझुएलातील माराकायबो सरोवराकाठच्या मोठ्या कुटुंबांच्या वंशावळींतून लागला होता. खुद्द जनुक १९९३ मध्ये हाती आले. उंदरांच्या निबंधातील तिघांपैकी शेवटच्या, नेओमी मिचिसन, तोवर हयात होत्या; १९९९ च्या जानेवारीत, वयाच्या १०१ व्या वर्षी, त्या निवर्तल्या.